कायमचा पत्ता: सातबाऱ्यावर नाव लागेपर्यंतचे आठ महिने

माझे वडील कोणताही फॉर्म भरताना 'सध्याचा पत्ता' या रकान्यात मुंबईतली खोली लिहीत आणि 'कायमचा पत्ता' या रकान्यात सिंधुदुर्गातल्या आमच्या गावाचे, वाडीचे आणि पोस्टाचे नाव लिहीत. 1962 मध्ये विसाव्या वर्षी बोटीने भाऊच्या धक्क्यावर उतरल्यापासून फेब्रुवारी 2019 मध्ये त्यांचे निधन होईपर्यंत हा क्रम बदलला नाही. 1982 च्या संपात गिरणी गेली, परळची खोली जाऊन डोंबिवलीची आली, पण दुसऱ्या रकान्यातली ओळ तशीच राहिली. त्यांच्या पश्चात आम्ही गावच्या जमिनीचा सातबारा पहिल्यांदाच काढून पाहिला, तेव्हा कळले की त्या कायमच्या पत्त्यावर त्यांचे नाव एकाही सरकारी कागदावर नाही.

हे नाव, म्हणजे त्यांचे वारस म्हणून आमची नावे, लावून घेण्यासाठी मला नोव्हेंबर 2022 ते जुलै 2023 असे आठ महिने आणि मुंबईहून पाच फेऱ्या लागल्या. माझ्यासारख्या चाकरमान्यांच्या, म्हणजे नोकरीसाठी मुंबईला गेलेल्या कोकणी माणसांच्या, मुली बऱ्याच आहेत. 'आपल्याला त्यातले काही कळत नाही, दादा बघतील' असे म्हणून त्यांनी हा विषय बाजूला ठेवलेला असतो, आणि मीही तेच केले होते. म्हणून हे सगळे जसे घडले त्या क्रमाने लिहून ठेवते आहे.

सुरुवात थोडी मागून करावी लागेल. ऑगस्ट 2020 मध्ये गणपतीसाठी गावी येणाऱ्या चाकरमान्यांना 10 दिवस विलगीकरणात राहण्याची अट होती. आम्ही पोहोचलो तेव्हा वाडीच्या तोंडाशी बांबू आडवा टाकलेला होता आणि आमची व्यवस्था जिल्हा परिषदेच्या शाळेत केलेली होती. चुलतभाऊ, ज्याला आम्ही दादा म्हणतो, रोज दुपारी जेवणाचा डबा शाळेच्या पायरीवर ठेवून दहा पावले मागे जाई आणि मग हाक मारी. रस्त्यावरून जाणारी मुले 'मुंबैवाले इले' असे एकमेकांना सांगत. त्या दिवसांत गावाने जे केले त्यात मला आजही काही गैर वाटत नाही. गावात म्हातारी माणसे होती आणि जवळचे रुग्णालय बरेच लांब होते. तरीही वडील ज्या शाळेत शिकले तिच्याच वर्गात चटई टाकून, खिडकीतून आमच्या घराचे कौल पाहत काढलेल्या त्या दहा दिवसांत 'गावची' आणि 'बाहेरची' या शब्दांकडे माझे पहिल्यांदा लक्ष गेले.

पुढच्या वर्षी, मे 2021 मध्ये, तौक्ते वादळ कोकण किनाऱ्याजवळून गेले आणि आमच्या बागेतली आंब्याची सात कलमे मुळासकट आडवी झाली. पंचनामा झाला, पण भरपाई अडकली, कारण सातबाऱ्यावर एकट्या थोरल्या काकांचे नाव होते आणि काका 2016 मध्येच वारले होते. त्यामुळे नावे लावून घेण्याची गोष्ट प्रथम दादानेच काढली, हे इथे मुद्दाम नोंदवते. अशा हकीकतींत गावातला चुलतभाऊ बहुधा खलनायक असतो. आमच्याकडे त्यालाच आमच्या सह्यांची गरज होती आणि आम्ही मुंबईत बसून ते दीड वर्ष पुढे ढकलत होतो.

पहिली फेरी 15 नोव्हेंबर 2022 रोजी, मंगळवारी झाली. आमच्या तलाठ्यांकडे तीन गावे होती आणि ते आमच्या सज्जात, म्हणजे तलाठी कार्यालयात, मंगळवारी व शुक्रवारीच बसत. मी आदल्या दिवशी, सोमवारी, पोहोचून बंद दार पाहिले होते, म्हणून पहिली सूचना ही की निघण्यापूर्वी तलाठ्यांचा वार विचारून घ्यावा. (आता या पदाला ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, पण गावात अजून सगळे तलाठीच म्हणतात.) तलाठ्यांनी सातबाऱ्यावर काकांच्या नावापुढची तीन अक्षरे बोटाने दाखवली: 'ए.कु.मॅ.', म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. 1974 मध्ये आजोबा वारल्यावर सर्व वारसांच्या वतीने थोरल्या मुलाचे नाव लावले गेले आणि बाकीची नावे त्या तीन अक्षरांच्या आड गेली. कोकणातल्या हजारो सातबाऱ्यांची हीच गत आहे. तुमच्या उताऱ्यावर ही अक्षरे असतील तर घाबरू नका. उलट त्यांचा अर्थ असा की एका जुन्या फेरफारात, म्हणजे जमिनीच्या हक्कातल्या बदलाच्या नोंदीत, बाकीच्या वारसांची नावे कुठेतरी लिहिलेली असण्याची बरीच शक्यता आहे. तो फेरफार शोधणे हे पहिले काम.

सातबाऱ्याच्या उताऱ्यात गावाच्या दोन नोंदवह्या एकत्र येतात: नमुना 7 म्हणजे जमीन कोणाची आणि नमुना 12 म्हणजे तीत काय पिकते. हक्कात कोणताही बदल झाला की तो आधी नमुना 6 मध्ये, म्हणजे फेरफाराच्या नोंदवहीत येतो, आणि तो प्रमाणित झाल्यावरच सातबारा बदलतो. वारसांची एक वेगळी नोंदवही असते, तिला 6क म्हणतात. एवढी चार नावे पाठ केली की कार्यालयातले निम्मे बोलणे समजू लागते.

जुन्या फेरफाराच्या नकलेसाठी 16 नोव्हेंबरला तहसीलच्या अभिलेख कक्षात अर्ज दिला. 'आठ दिवसांनी या' असे सांगितले गेले. मी दर सोमवारी फोन करीत होते आणि दर सोमवारी संबंधित कर्मचारी जागेवर नसत. नक्कल हाती आली 27 डिसेंबरला. तिचे शुल्क ₹60 होते, आणि ती मिळवून देण्यासाठी आवारातल्या एका मध्यस्थाने संपूर्ण कामाचे म्हणून ₹15,000 मागितले होते. मी नकार दिला तो बाणेदारपणामुळे नव्हे. तेवढे पैसे त्या महिन्यात नव्हते.

ती नक्कल मी तहसीलच्या बाहेरच्या चहाच्या टपरीवर बसून वाचली. निळ्या शाईचे, तिरपे, घाईचे अक्षर होते. 'मयत खातेदाराचे वारस' असे लिहून खाली चार ओळी होत्या: पत्नी, थोरला मुलगा, धाकटा मुलगा आणि मुलगी. धाकट्या मुलाच्या जागी वडिलांचे खरे नाव नव्हते, घरातले 'बाबू' हे नाव होते. नोंद करणाऱ्याने विचारले असेल आणि काकांनी तोंडात आले ते सांगितले असेल. चौथ्या ओळीत आत्याचे नाव होते आणि त्यापुढे कंसात तीन शब्द होते: 'लग्न होऊन बाहेरगावी'. आत्याचे सासर खाडीच्या पलीकडे आहे. भरती असेल तर आमच्या वाडीतून मारलेली हाक तिच्या अंगणात ऐकू येते, असे घरात सांगतात. त्याच वेळी मुंबईत पाचशे किलोमीटरवर राहणाऱ्या वडिलांच्या नावापुढे कंस नव्हता.

कायद्याच्या दृष्टीने त्या कंसाला तेव्हाही अर्थ नव्हता. 2005 च्या दुरुस्तीमुळे मुलींना हक्क मिळाला असे आपण सरसकट म्हणतो, पण ती दुरुस्ती मुलीला जन्मतः सहदायक, म्हणजे एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेतली हिस्सेदार, मानण्याविषयी आहे (महाराष्ट्राने तसा बदल 1994 मध्येच केला होता, मात्र त्याआधी लग्न झालेल्या मुलींना वगळून). वडील वारल्यावर त्यांच्या हिश्श्यात मुलीला, लग्न झालेले असो वा नसो, वारस म्हणून वाटा 1956 च्या हिंदू वारसा कायद्यापासूनच आहे. तलाठ्यांनीही हेच सांगितले: 'नाव यादीत आहे ना? मग कंस राहू दे, नाव लागेल.'

त्या संध्याकाळी घरी आले तेव्हा काकू देवघराच्या दारात उभ्या होत्या. मी आत पाऊल टाकणार तोच त्यांनी हळूच विचारले, 'भायर नाय मां तू?' दिवसभर डोक्यात तोच शब्द फिरत असल्याने मी म्हणाले, 'नाव लागेपर्यंत आहे बहुतेक.' त्या क्षणभर माझ्याकडे पाहत राहिल्या आणि मग पदर तोंडाला लावून एवढ्या हसल्या की दादा बाहेरून विचारायला आला. त्यांना विचारायचे होते ते बाईच्या चार दिवसांविषयी. एकाच घरात एकाच शब्दाला किती दारे असावीत याचा मी त्या रात्री बराच विचार केला. काकू स्वतः मालवणकडच्या; लग्न होऊन या घरात आल्या आणि देवघराच्या मालकीण झाल्या. आत्या याच घरात जन्मली आणि लग्न होऊन कंसात गेली. देवघरात कोणी यायचे हे ठरवण्याचा अधिकार बाहेरून आलेल्या बाईकडे होता आणि तो त्यांनी पन्नास वर्षे सांभाळला होता, त्यामुळे त्यात मला विसंगती दिसली तरी त्यांना ती दिसण्याचे कारण नव्हते.

नकलेच्याच गठ्ठ्यात आणखी एक जुना फेरफार निघाला, ज्याची मी मागणीही केली नव्हती. त्यात आजोबांचे नाव 'कूळ' म्हणून होते आणि कूळकायद्याच्या कलम 32ग प्रमाणे किंमत ठरून, 32म चे खरेदी प्रमाणपत्र मिळाल्यावर जमीन त्यांच्या नावे झाल्याची नोंद होती. 1 एप्रिल 1957 रोजी, म्हणजे कूळकायद्यात ज्याला कृषक दिन म्हणतात त्या दिवशी, प्रत्यक्ष कसणारा म्हणून आजोबा त्या जमिनीवर होते आणि मालक दुसरे कोणी होते. आमच्या घरात 'आपण इथले मूळचे' हे वाक्य इतक्या वेळा ऐकले होते की मला तो कागद दोनदा वाचावा लागला. आत्याला विचारले तर तिला त्याचे काहीच नवल नव्हते. तिचे आजोबा दोन बैल घेऊन खाडीपलीकडून आले, डोंगरउतार साफ केला आणि खोताला, म्हणजे गावाचा सारा वसूल करणाऱ्या वतनदाराला, अर्धे पीक देऊन राहिले. 'आमका पयले भायलेच म्हणत,' असे ती म्हणाली. आत्याचे सासर ज्या काठावर आहे त्याच काठावरून आमचे घराणे इकडे आले होते. म्हणजे नोंदीत 'बाहेरगावी' गेलेली लेक खरे तर मूळ गावी परतली होती.

कोकणात खोतीच्या गावांत कसणाऱ्यांची ही अवस्था जुनी. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1937 मध्ये मुंबई विधिमंडळात खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले, तेव्हा अलिबागजवळच्या चरीचा शेतकरी संप सुरू होता. प्रत्यक्ष कायदा झाला तो 1949 मध्ये. देशावरच्या जुन्या कागदांत पिढीजात जमीन असणाऱ्याला मिरासदार आणि बाहेरून येऊन कसणाऱ्याला उपरी म्हणत. आपण आज सहज वापरतो तो 'उपरा' हा शब्द याच कुळातला. आणि हे 'कुळ' लिहिताना मी प्रत्येक वेळी अडखळते, कारण ऱ्हस्व उकाराने लिहिले तर घराणे होते आणि दीर्घ ऊकाराने लिहिले तर दुसऱ्याची जमीन कसणारा होतो. आमच्याकडे दोन्ही एकच होते.

तिसरी फेरी 10 जानेवारी 2023 ची. या वेळी कागद गोळा करायचे होते. वडिलांचा मृत्यू दाखला मुंबईचा होता. आजीचा आणि काकांचा ग्रामपंचायतीत एका दिवसात मिळाला, आणि आजोबांच्या मृत्यूची तारीख जुन्या फेरफारातच असल्याने ती ग्राह्य धरली गेली. सर्व वारसांचा वंशवृक्ष असलेले प्रतिज्ञापत्र ₹100 च्या मुद्रांकावर केले, नोटरीसह ₹400 लागले. अडचण आत्याची होती. आधार कार्डावर तिचे सासरचे नाव, फेरफारात माहेरचे. दोघी एकच आहेत हे सांगणारा कागद हवा. लग्नाची नोंद त्या काळी कोण करीत होते? शेवटी तिनेच सुचवले की ती तिसरीपर्यंत शाळेत गेली होती. मुख्याध्यापकांनी कपाटातले सर्वात खालचे, कसर लागलेले रजिस्टर काढले आणि अर्ध्या तासात तिचे नाव सापडले: वडिलांचे नाव, वाडी आणि जन्मतारीख 1 जून 1945. त्या पानावरच्या निम्म्या मुलांचा जन्म 1 जूनचा होता, कारण गुरुजींना शाळेत घेण्यापुरती एक तारीख हवी असे. मला त्याच वेळी वडिलांचाही दाखला मागून घ्यायला सुचायला हवे होते. ते सुचले नाही आणि त्याचा भुर्दंड पुढे अडीच महिन्यांनी भरावा लागला. तुम्ही शाळेत गेलात तर घरातल्या सर्वांचे दाखले एकदमच मागा.

24 जानेवारीला अर्ज दिला, त्यासाठी कोणतेही शुल्क घेतले गेले नाही. अर्जाच्या पोचवर तारीख आणि सही घेतल्याशिवाय उठू नये, हे दादाने मला कोपराने ढोसून सांगितले. मग स्थानिक चौकशी झाली. पोलीस पाटील आणि वाडीतले दोन ज्येष्ठ यांनी जबाब दिले की हे अमुक यांचेच वारस आहेत. त्यांतले एक मला ओळखत नव्हते. ते माझ्याकडे न पाहता माझ्या कपाळाकडे पाहत राहिले आणि म्हणाले, 'बापाशीचा कपाळ असा.' तेवढ्यावर जबाब झाला. तलाठ्यांनी तो लिहून माझ्यासमोर ठेवला. त्यात माझ्याविषयी ओळ होती: 'अर्जदार या विवाहित असून नोकरीनिमित्त बाहेरगावी राहतात.' अठ्ठेचाळीस वर्षांपूर्वीच्या कागदातला 'बाहेरगावी' हा शब्द तसाच्या तसा होता, या वेळी कंसाविना. मी सही केली.

यानंतर थांबणे होते. नोटिसा सर्व वारसांना टपालाने जातात आणि हरकतीसाठी 15 दिवस असतात. आईची आणि माझी नोटीस मिळाली. भावाची परत गेली, कारण तो डोंबिवलीहून बदलापूरला गेला होता आणि मी जुना पत्ता दिला होता. पाकिटावर 'सदर इसम या पत्त्यावर राहत नाही' असा शेरा होता. दादाने तो फोटो पाठवला तेव्हा भाऊ फोनवर म्हणाला की आता आपण दोन्ही पत्त्यांवर राहत नाही असे अधिकृत झाले. तो विनोद करीत होता, पण आई हसली नाही. नवा पत्ता देऊन नोटीस पुन्हा काढावी लागली.

28 मार्चला मंडळ अधिकाऱ्यांनी फेरफार नामंजूर केला. कारण एका ओळीचे होते: वारसाच्या नावात तफावत. 1975 च्या फेरफारातला 'बाबू' आणि मुंबई महापालिकेच्या मृत्यू दाखल्यावरचे माझे वडील ही एकच व्यक्ती असल्याचा पुरावा जोडलेला नव्हता. चूक सर्वस्वी माझी होती, हे कळत असूनही त्या दिवशी कार्यालयाच्या ओट्यावर बसून मला रडू आले. ज्या माणसाने आयुष्यभर कायमच्या पत्त्यावर गावाचे नाव लिहिले, त्याला गावाच्या वहीत त्याच्या खऱ्या नावाने कोणी ओळखत नव्हते आणि मुंबईच्या वहीत त्याचे घरातले नाव कोणी ऐकले नव्हते. नामंजुरीविरुद्ध प्रांताधिकाऱ्यांकडे अपील करता येते, पण आमच्यासारख्या कागदाच्या त्रुटीसाठी नव्याने अर्ज करणे सोपे, असा सल्ला तलाठ्यांनीच दिला आणि तो बरोबर ठरला. पुन्हा शाळा, पुन्हा तेच रजिस्टर, 'दोन्ही नावांची व्यक्ती एकच' असे पुन्हा ₹400 चे प्रतिज्ञापत्र, आणि 18 एप्रिलला दुसरा अर्ज. एवढेच बरे की महिलांना एसटीचे अर्धे तिकीट मार्चपासून सुरू झाले होते, म्हणून कणकवलीहून गावापर्यंतची गाडी निम्म्यात पडली.

एप्रिलच्या त्या फेरीत मी आमची बाग पहिल्यांदा कागद हातात घेऊन पाहिली. 46 गुंठ्यांचा उतार, आंबा आणि काजू. आंब्याचा हंगाम होता आणि राखणीला एक नेपाळी कुटुंब होते; रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या बागांत फवारणीपासून राखणीपर्यंत आणि बंदरांत होड्यांवर खलाशी म्हणून आता बरीच कामे नेपाळी माणसे करतात. त्या गृहस्थाला गावात सगळे नुसते 'गुरखा' म्हणतात. तो या परिसरात अकरा वर्षे होता. मी नकाशा उलटसुलट धरून हद्द शोधत होते तेव्हा तो माकडे हाकायची गलोल खांद्याला अडकवून आला, पालापाचोळा पायाने सारला आणि एक काळा दगड दाखवून म्हणाला, 'ताई, हयपर्यंत तुमचां. थंयसून फुडे त्येंचां.' कोणते कलम एकाड एक वर्षी धरते, तौक्तेत कोणते पडता पडता राहिले, विहिरीचे पाणी कोणत्या आठवड्यात तळाला जाते हे त्याला माहीत होते. त्याची मुलगी त्याच जिल्हा परिषदेच्या शाळेत दुसरीत होती आणि माझ्याशी मालवणीत बोलून, मी मराठीत उत्तर दिल्यावर, 'तुमी खंयचे?' असे विचारती झाली. मी गावाचे नाव सांगितले. तिला ते पटलेले दिसले नाही.

भारत आणि नेपाळ यांच्यातल्या 1950 च्या करारामुळे त्याला इथे राहायला व काम करायला व्हिसा लागत नाही. पण कूळकायद्याच्या कलम 63 प्रमाणे जो शेतकरी नाही त्याला महाराष्ट्रात शेतजमीन परवानगीशिवाय विकत घेता येत नाही, आणि या कायद्याच्या लेखी तो आणि ठाण्यात जन्मलेला, तीन पिढ्यांचा मराठी असलेला माझा कार्यालयातला सहकारी, दोघेही सारखेच बाहेरचे आहेत. मी मात्र, जिला भात लावता येत नाही आणि हापूस व पायरीचे झाड पानावरून ओळखता येत नाही, नाव लागल्याबरोबर शेतकरी होणार होते. (कोकणात 'कलम' म्हटले की आंबा आठवतो आणि तहसीलमध्ये कायदा, दोन्हीकडे काडी दुसरीकडून आणून खुंटावर बांधलेली असते.) नमुना 12 मधल्या 'काजू' या नोंदीकडेही मी त्यानंतर जरा वेगळ्या नजरेने पाहू लागले. पोर्तुगीजांनी ब्राझीलमधून आणलेले झाड आणि त्याबरोबर आलेले नावही आमच्या उताऱ्यावर वडिलांच्या आधी पोहोचले होते.

मे महिन्यात आत्याचा प्रश्न निघाला. नाव लावून लगेच हक्कसोड पत्र करून घ्यावे, जवळच्या नात्यात मुद्रांक तेव्हा ₹200 च लागत होता, पुढे तिच्या मुलांचे वारस वाढत जातील, असे दादाचे म्हणणे होते आणि ते व्यवहाराला धरून होते. मी, दादा आणि वहिनी तरीने, म्हणजे होडीने, खाडीपलीकडे गेलो. आत्याने सोलकढी दिली, सगळे ऐकून घेतले आणि म्हणाली, 'माका जमीन नको. नाव होया.' दादा म्हणाला की नाव लागणारच आहे, मग सोडायचे. तिने विचारले, किती दिवसांनी? त्याला उत्तर देता आले नाही. तिने मग स्वतःच सांगितले, 'एक गणपती जाऊ दे.' परत येताना तरीत दादा बराच वेळ गप्प होता. 'तिका माहेराक येवक कोणी अडवला काय?' असे तो शेवटी म्हणाला. कोणी अडवले नव्हते हे खरे होते. ती दर गौरीला पाहुणी म्हणून येत होती आणि पाहुणी म्हणून परत जात होती.

दुसऱ्या अर्जाच्या वेळी मी रोज सकाळी 'आपली चावडी' या संकेतस्थळावर गावाचे नाव निवडून फेरफाराची नोटीस पाहत असे; हे जरूर करा, म्हणजे फोन करून कोणाला त्रास द्यावा लागत नाही. 11 जुलै 2023 ला फेरफार मंजूर झाला. 21 जुलैला, शुक्रवारी, मी डोंबिवलीत बसून ₹15 भरून डिजिटल सहीचा सातबारा काढला. सात नावे होती: काकू, दादा, त्याची बहीण, आई, मी, भाऊ आणि आत्या. एकूण खर्च साधारण ₹11,000 झाला, त्यातले नऊ हजारांहून अधिक प्रवासाचे. आता वारसाचा अर्ज ई-हक्क प्रणालीतून घरबसल्या करता येतो, आणि 2025 मध्ये शासनाने मयत खातेदारांच्या जागी वारसांची नावे लावण्यासाठी 'जिवंत सातबारा' मोहीम राबवली, त्यामुळे तुम्हाला कदाचित एवढ्या फेऱ्या पडणार नाहीत. मात्र शाळेचे दाखले आणि जुना फेरफार यांची तयारी आधी करूनच बसा.

2023 च्या गणपतीला आत्या आली तेव्हा मी उताऱ्याची एक प्रत ₹30 देऊन लॅमिनेट करून नेली होती. तिसरीपर्यंतचे वाचन तिला पुरेसे होते. तिने बोट ठेवून सातही नावे सावकाश वाचली, आपल्या नावावर थांबली आणि पुढे सासऱ्यांचे आडनाव वाचून म्हणाली, 'ह्यां सासरचा नाव इला.' मी समजावले की आधार कार्डाप्रमाणे तसेच येते. तिने मान हलवली, कागद उलटा करून मागे काही लिहिले आहे का ते पाहिले, आणि पिशवीत रेशन कार्डाच्या शेजारी ठेवला. हक्कसोडीचा विषय त्या गणपतीत कोणी काढला नाही. घरपट्टी अजून काकांच्याच नावावर आहे. ती ग्रामपंचायतीच्या नमुना 8 मध्ये बदलावी लागते, आणि त्यासाठी सातही जणांचे संमतिपत्र लागेल असे ग्रामसेवकांनी सांगितले आहे. भावाची सही तेवढी यायची आहे.